पिता, पुत्र आणि यंत्र

पिता आणि पुत्र यांच्या संबंधावर मराठीत काहीच लिहिले गेले नाही, असे कोणी म्हणणार नाही. आईविषयी जितके लिहिले गेले तितके वडिलांविषयी नाही, हे खरे. १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘श्यामची आई’च्या तोलाचे वडिलांवरील पुस्तक आपल्याकडे सहसा कोणी सांगू शकणार नाही. तरीही कर्तव्यकठोर बाप, कर्जबाजारी बाप, मुलाच्या शिक्षणासाठी झिजणारा बाप आणि वृद्धपणी मुलांनी अव्हेरलेला बाप ही चित्रे आपल्या कथा-कादंबऱ्यांत व नाटकांत वारंवार भेटतात. या चित्रांकडे एकत्र पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. बाप सांगतो, रागावतो, सोसतो. मुलगा ऐकतो, बंड करतो, किंवा मागाहून हळहळतो. परंतु दोघे मिळून एखादे काम करीत आहेत, दोघांचे हात एकाच वस्तूवर आहेत आणि दोघांचेही लक्ष एकमेकांवर नसून त्या वस्तूवर आहे, असे चित्र शोधू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. बापलेकांचा संबंध आपल्या साहित्यात जवळजवळ सर्वस्वी बोलण्याचा अथवा न बोलण्याचा संबंध आहे. करण्याचा संबंध तो क्वचितच होतो.

ही उणीव लहान नाही, हे दाखविण्यासाठी एक प्रसंग कल्पनेने समोर ठेवतो. चेन्नईत एगमोरपासून जवळच, कूवम नदीच्या काठी पुदुपेट्टै नावाची वस्ती आहे. जुन्या मोटारी मोडून त्यांचे सुटे भाग विकणे हा तेथील मुख्य उद्योग होय. गल्लीच्या दोहों बाजूंस दरवाजे, आस, पाटे, गिअरपेट्या आणि इंजिनांचे सांगाडे रचून ठेवलेले असतात. नव्या सुट्या भागांसाठी लोक माउंट रोडजवळच्या जनरल पॅटर्स रोडला जातात. जे कोठेच मिळत नाही त्याच्या शोधात पुदुपेट्टैला येतात. असा एखादा मध्यमवयीन गृहस्थ आपल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलासह येथे आला आहे असे समजा. लष्कराने मोडीत काढलेला, चारही चाकांना ओढ असलेला एक जुना ट्रक त्याने लिलावात घेतला आहे. जर्मन परवान्याने आपल्याकडे तयार झालेले शक्तिमान ट्रक किंवा जपानी निस्सान पेट्रोलच्या धर्तीवर १९६९ पासून जबलपूरच्या कारखान्यात झालेल्या जोंगा वाचकांपैकी अनेकांनी पाहिल्या असतील; कित्येकांनी त्यांतून दौरेही केले असतील. त्याच कुळातील हे वाहन. बाप कार्यालयातून आल्यावर आणि रविवारी, मुलगा शाळेतून आल्यावर, असे दोघे ते पुन्हा चालते करण्याच्या उद्योगास लागले आहेत.

या प्रसंगात साहित्याचा विषय होण्याजोगे असे काय आहे? प्रथमदर्शनी तो एक छंद वाटेल. पण जरा थांबून पाहिले तर त्यात नाट्याची सर्व बीजे दिसू लागतात. घरात बापाचा शब्द चालतो. परीक्षेच्या अभ्यासात त्याचे वय आणि अनुभव ही त्याची प्रमाणे असतात. येथे मात्र दोघांच्या मध्ये एक तिसरा पक्ष उभा आहे. त्याला ना बापाचे वय कळते, ना मुलाची भावना. आटे एकदा झिजले की ते रागावून धरत नाहीत आणि विनवूनही धरत नाहीत. गिअरपेटी चुकीची जुळविली तर ती चालणार नाही. मग ती बापाने जुळविली असो वा मुलाने. बाप चुकतो हे मुलाला येथे प्रथमच, आणि अपमानाशिवाय, पाहावयास मिळते. मुलाचे बरोबर आहे हे बापाला येथे कबूल करावे लागते, कारण इंजिनच त्याची साक्ष देते. जो निवाडा घरात भांडणाने होतो तो येथे वस्तू करते. बापलेकांच्या संबंधाला असा निःपक्षपाती साक्षीदार अन्यत्र क्वचितच लाभत असेल.

या वाहनाच्या रचनेतही लेखकाला विचार करावयास लावील असे काही आहे. साध्या मोटारीत इंजिनाची शक्ती दोनच चाकांना मिळते. या ट्रकात गिअरपेटीच्या मागे आणखी एक पेटी असते आणि ती शक्ती पुढच्या व मागच्या अशा दोन्ही आसांकडे वाटून देते. चिखलात, वाळूत, नदीच्या पात्रात चारही चाके ओढू लागली की वाहन निघते. परंतु कोरड्या, टणक रस्त्यावर तसेच चालविले तर वळणावर अडचण येते. वळताना पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा अधिक अंतर कापावे लागते. दोन्ही आस एकत्र बांधलेले असल्याने सारी यंत्रणा आतल्या आत पिळली जाते, टायर घासतात आणि कधी दातेही तुटतात. म्हणून जाणता चालक पक्क्या रस्त्यावर पुढचा आस मोकळा सोडतो. सोळा वर्षांचा मुलगा आणि पंचेचाळीस वर्षांचा बाप यांच्याविषयी एखाद्या कादंबरीकाराला याहून अधिक काय सुचवावे? मात्र त्याने ते उपमा म्हणून मांडू नये. त्याने केवळ त्या पेटीचे काम बरोबर सांगावे. उरलेले वाचक जाणतो.

आता आपल्या साहित्यात हातांच्या कामाचे काय झाले ते पाहू. या बाबतीतले पहिले नाव त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’चे. १९१५ साली प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ एका सरकारी नोकराने लिहिला आहे, ही गोष्ट आपल्यासारख्या वाचकांनी विशेष अभिमानाने स्मरावी. बलुतेदार-अलुतेदारांची कामे, त्यांचे हक्क, त्यांची पिळवणूक आणि त्यांची पिळवणूक करण्याची रीत हे सर्व आत्र्यांनी जवळून पाहिले होते. सुतार आणि लोहार यांच्या घरी बाप मुलाला काम शिकवीतच असे. लाकडी चाकावर लोखंडी धाव बसविताना ती लाल होईपर्यंत तापवून, फुगलेली असतानाच चाकावर चढवायची आणि लगेच पाणी ओतून आवळायची. हे काम एकट्याचे नव्हे. चिमटे धरण्यास आणि पाणी ओतण्यास घरातील मुलगा लागे. परंतु हे शिकणे निवडीचे नव्हते. ते जातीने ठरविलेले होते, आणि मुलाला दुसरे काही होण्याची मुभा नव्हती. म्हणून ज्या पिढ्यांनी मागाहून लेखणी हाती घेतली त्यांनी त्या कामाकडे प्रेमाने पाहिले नाही, याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही. ज्या भात्यापुढे आजा-पणजा खितपत पडले त्याचे गोडवे गाण्याचा आग्रह त्यांना कोणी करू नये.

दुसरे नाव मर्ढेकरांचे. नभोवाणीच्या नोकरीत अधिकारी असलेल्या आणि १९५६ मध्ये दिल्लीत निवर्तलेल्या या कवीने ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहापासून यंत्र मराठी कवितेत आणले. पण त्यांच्या कवितेतील यंत्र हे माणसाला चिरडणारे, त्याला एका मापाचे करून टाकणारे यंत्र आहे. महायुद्धानंतरच्या महानगरात उभ्या असलेल्या संवेदनशील मनाला ते तसेच दिसणार, हे मान्यच केले पाहिजे. तथापि त्या दर्शनाचा प्रभाव इतका मोठा ठरला की पुढे दीर्घ काळ यंत्र म्हणजे आत्म्याचा शत्रू हे समीकरण मराठीत जणू गृहीत धरले गेले. यंत्र जवळून, उघडून, वंगणाने माखलेल्या हातांनी पाहणारा माणूस त्या समीकरणात बसत नव्हता. नारायण सुर्व्यांच्या ‘माझे विद्यापीठ’ने (१९६६) कामगाराला स्वतःचा आवाज दिला आणि कारखाना आतून दाखविला. पण तेथेही यंत्र मालकाचे आहे. कामगार त्याला राबतो, ते त्याचे नाही. जे यंत्र आपले आहे, जे आपण विकत घेतले, उघडले आणि आपल्या मुलाच्या साहाय्याने पुन्हा जोडले, ते या दोन्ही परंपरांच्या बाहेर राहिले.

एक तिसरी परंपरा मराठीत निर्माण होऊ शकली असती. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मूळचे चित्रकार व्हावयास निघालेले गृहस्थ. रंग नीट ओळखता येत नाहीत असे आढळल्यामुळे ते यांत्रिक रेखनाकडे वळले. मुंबईच्या तंत्रसंस्थेत अध्यापन करून ते बेळगावात आले, तेथे त्यांनी सायकलींचे दुकान चालविले, लोखंडी नांगर केले, आणि १९१० मध्ये औंधच्या अधिपतींनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली. त्यांचे चिरंजीव शंतनुराव १९२६ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथून यंत्रविद्येची पदवी घेऊन परतले. बाप डोळ्यांनी आणि हातांनी शिकलेला, मुलगा गणिताने आणि पुस्तकांनी. दोघांच्या समोर तेच ओतीव लोखंड. कादंबरीकाराने याहून अधिक काय मागावे? या दोघांविषयी चरित्रे झाली, आत्मचरित्र झाले, यशाच्या कथा झाल्या. कादंबरी झाली नाही. याच कारखान्याच्या पत्रकातून, म्हणजे १९२० च्या ‘किर्लोस्कर खबर’मधून, मराठीतले एक प्रमुख मासिक वाढले. ज्या मासिकाचा जन्म नांगराच्या फाळाजवळ झाला त्याच्या ललित साहित्याने कारखान्याचा उंबरठा किती वेळा ओलांडला, हे जुने अंक चाळून कोणी जिज्ञासूने अवश्य पाहावे.

अपवादांत नरेंद्र जाधव यांच्या ‘आमचा बाप आन् आम्ही’ (१९९३) या पुस्तकाचा उल्लेख केलाच पाहिजे. निवृत्तीनंतर स्वस्थ न बसवणाऱ्या वडिलांना मुलाने आठवणी लिहावयास लावले, आणि त्या लिखाणातून हे पुस्तक उभे राहिले. बापलेकांनी मिळून केलेले काम असे या पुस्तकाविषयी अक्षरशः म्हणता येते. परंतु ते काम लेखनाचेच आहे. ज्यांना अक्षर नाकारले गेले होते त्यांच्या दृष्टीने लेखणी हेच सर्वांत दुर्मीळ हत्यार होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे मोल कळते.

मराठीबाहेर पाहिले तर विचारास अधिक खाद्य मिळते. सुबोध घोष यांची ‘अजांत्रिक’ ही बंगाली कथा १९४० ची. तीवरून ऋत्विक घटकांनी १९५८ मध्ये चित्रपट केला. बिमल हा टॅक्सीचालक आपल्या जुनाट मोटारीला जगद्दल या नावाने हाक मारतो, तिच्याशी बोलतो, तिच्यावर रुसतो. लोक त्याला वेडा म्हणतात. अखेरीस मोटार मोडीत जाते; आणि तिचा भोंगा एका लहान मुलाच्या हाती वाजताना ऐकून बिमलच्या रडवेल्या चेहऱ्यावर हसू उमटते. चित्रपटाचा हा शेवट फार मोठा आहे. बिमलला मुलगा नाही. त्याच्या प्रेमाला वारस मिळतो तो असा, अनोळखी आणि अजाण. तथापि समीक्षकाने हेही म्हटले पाहिजे की बिमलचे यंत्रावरील प्रेम हे माणसांपासून दूर गेलेल्या माणसाचे प्रेम आहे. त्यात यंत्रच माणूस बनते. आपल्या प्रसंगातील बापलेकांना यंत्र माणूस व्हायला नको आहे. ते यंत्रच राहिले तरच त्याचा उपयोग.

अमेरिकन लेखक रॉबर्ट पर्सिग यांचे मोटारसायकलीच्या देखभालीवरील प्रसिद्ध पुस्तक १९७४ चे. बाप अकरा वर्षांच्या क्रिस या मुलाला मागे बसवून मिनेसोटापासून कॅलिफोर्नियापर्यंत जातो. यंत्राची निगा राखण्यातच विचाराची शुद्धता आहे, हा पर्सिग यांचा सिद्धांत अत्यंत मननीय आहे. झडपांचे अंतर मापण्याच्या कामातून ते ग्रीक तत्त्वज्ञानापर्यंत जातात, आणि ही उडी बळेच घेतल्यासारखी वाटत नाही. पण या पुस्तकातील एक वेदना पुष्कळ वाचकांच्या नजरेतून निसटते. यंत्राची सारी देखभाल बाप एकटाच करतो. मुलगा कंटाळतो, त्याचे पोट दुखते, आणि मागे बसल्यामुळे प्रवासभर त्याला बापाच्या पाठीखेरीज पुढचे काहीच दिसत नाही. शेवटी तो उभा राहून बापाच्या खांद्यावरून रस्ता पाहतो, तेव्हा दोघांमधील कोंडी फुटते. गुणवत्तेवर चारशे पानांचे चिंतन करणाऱ्या बापाला मुलाच्या हातात एक पाना देणे सुचले नाही, ही त्या ग्रंथाची मर्यादा आहे आणि कदाचित त्याचे सर्वांत प्रामाणिक सत्यही. क्रिस १९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मारला गेला, हे कळल्यावर तर ती पाठ वाचकाच्या डोळ्यांपुढून हलत नाही.

तिसरे उदाहरण आपण राहतो त्याच भूमीतले आहे. जयकांतन यांची ‘ओरु मनिदन ओरु वीडु ओरु उलगम’, म्हणजे एक माणूस, एक घर, एक जग, ही तमिळ कादंबरी १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. २००२ चा ज्ञानपीठ पुरस्कार लाभलेल्या या लेखकाची ही श्रेष्ठ कृती मानली जाते. हेन्री हा पोटचा नसलेला मुलगा वडिलांच्या मृत्यूनंतर त्यांच्या गावी येतो आणि त्यांचे पडके घर पुन्हा उभे करू लागतो. वडिलांचा भाऊ दुरैक्कण्णू तेथे आहे. तो लॉरीचालक आहे. वारसा रक्ताने नव्हे तर दुरुस्तीने सिद्ध होतो, हे जयकांतनांनी कोठेही सूत्ररूपाने न सांगता दाखविले. हेन्रीला त्या घरावर हक्क गाजवायचा नाही. ते राहण्याजोगे करायचे आहे. परक्या वाटणाऱ्या माणसाला गाव आपला म्हणू लागतो तो याच कामामुळे. परप्रांतात नेमणुकीवर राहणाऱ्या वाचकाने ही कादंबरी मिळेल त्या अनुवादातून वाचावी, असे आग्रहाने सुचवावेसे वाटते.

हे सांगण्याचे कारण या मासिकाच्या वाचकवर्गाशी निगडित आहे. दर तीन-चार वर्षांनी बदली होणाऱ्या अधिकाऱ्याच्या मुलाला गाव नसते. शेत, वाडा, भाऊबंद आणि देवघर यांच्या द्वारा जे आपोआप हाती येई ते त्याला येत नाही. शाळेत इंग्रजी, मित्रांत तमिळ, आणि मराठी फक्त जेवणाच्या ताटावर. आपण त्याला मराठी पुस्तके आणून देतो. ती कपाटात राहतात. वडील मराठीत बोलतात ते बहुधा उपदेशाचे असते, आणि सोळाव्या वर्षी उपदेशाची भाषा कोणालाही आपली वाटत नाही. याउलट एखाद्या ट्रकाखाली दोघे उताणे पडले असताना वंगण, आटे, कानस, पाटा, चकती, खीळ हे शब्द उपदेशाशिवाय येतात, कारण त्यांच्यावाचून काम अडते. भाषा शिकविली जाते तेव्हा ती ओझे होते. लागते तेव्हा ती राहते. आणि हीच भाषा तेथल्या भाषेशी भांडत नाही. मराठी मेस्त्री तमिळमध्येही मेस्त्रीच असतो, मराठी चावी तमिळमध्ये ‘सावी’ होते. दोन्ही शब्द दोन्ही भाषांनी पोर्तुगिजांकडून घेतले. मुलगा गॅरेजमधल्या माणसाला अण्णा म्हणतो तेव्हा तो कोणत्या भाषेत बोलला, हे बापालाही सांगता येणार नाही.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा होते. त्याच दिवशी चेन्नईत आयुधपूजा असते. गाड्या धुऊन त्यांना गंध-कुंकू लावतात, केळीचे खुंट बांधतात, चाकाखाली लिंबू ठेवतात आणि रस्त्यावर कोहळा फोडतात. लोहाराच्या ऐरणीपासून बस आगारापर्यंत सारा देश एक दिवस हत्यारापुढे नम्र होतो. आपल्या लेखकवर्गाच्या घरी त्या दिवशी बहुधा पुस्तकाची आणि लेखणीची पूजा होते. यात वावगे काही नाही. पण वर्षाचे उरलेले दिवस आपण इतर हत्यारांकडे किती पाहिले, हा प्रश्न त्या पूजेनंतर मनात यावयास हवा.

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. पुदुपेट्टैतील गॅरेजात त्याच वयाचे दुसरे मुलगेही असतात. त्यांच्या हातांवरील वंगण छंदाचे नसून पोटाचे असते. अधिकाऱ्याच्या मुलाचा रविवार आणि त्यांचे सात दिवस यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मग या हौशी दुरुस्तीचे कौतुक म्हणजे श्रमांची थट्टाच नव्हे काय? आक्षेप योग्य आहे, आणि ज्या लेखकाला तो जाणवणार नाही त्याने या विषयाला हात घालू नये. पण त्याचे उत्तर विषय टाकून देण्यात नाही. तो मुलगा शेजारी उभा असणे हेच या प्रसंगाचे सत्य आहे. अधिकारी बापाला जे जमत नाही ते त्या पोराला सहज जमते. आणि आपल्या वडिलांपेक्षा अधिक जाणणारे कोणी आहे, ते शाळेत न गेलेले आहे, हे ज्ञान सोळाव्या वर्षी ज्याला झाले तो मुलगा पुढे माणसांचे मोल वेगळ्या रीतीने करील. ‘गावगाडा’त जे बंधन होते आणि मर्ढेकरांत जी भीती होती ती दोन्ही येथे एकाच अंगणात येतात. मराठी कादंबरीला हाताळावयास मिळालेला हा नवा सामाजिक प्रसंग आहे.

लेखकाने टाळावे असे दोन मोह मात्र आहेत. पहिला मोह प्रतीकाचा. ट्रक म्हणजे जीवन, इंजिन म्हणजे हृदय, अशी भाषा सुरू झाली की ट्रकही गेला आणि जीवनही गेले. दुसरा मोह सुखान्ताचा. ट्रक शेवटी सुरू झालाच पाहिजे असे नाही. कायद्याने अठरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय मुलाला मोटार चालविता येत नाही. म्हणजे दोन वर्षे खपून त्याने जे उभे केले ते रस्त्यावर नेण्याचा अधिकार त्याला नसतो. तो अधिकार येईपर्यंत कदाचित बापाची बदली भोपाळला झालेली असेल, मुलगा शिक्षणासाठी आणखी कोठे गेलेला असेल, आणि ट्रक कोणाच्या तरी आवारात ताडपत्रीखाली उभा असेल. कथा यानेही अपुरी राहत नाही. दोघांनी एकत्र घालविलेल्या त्या संध्याकाळी कोणी परत घेऊ शकत नाही, आणि कोणता बोल्ट कोठला हे दोघांनाच ठाऊक असते.

मराठीत आज ग्रामीण, दलित, स्त्रीवादी, महानगरी अशा अनेक जीवनक्षेत्रांचे साहित्य निर्माण झाले आहे, आणि त्याने आपली वाङ्मयीन दृष्टी विस्तारली आहे. परप्रांतातील मराठी माणसाचे साहित्य मात्र अद्याप बहुतांशी आठवणींचे आणि ताटातुटीचे राहिले आहे. मागे राहिलेल्या गावाकडे पाहण्यात त्याची सारी शक्ती जाते. जेथे आपण आहोत तेथल्या गल्लीत, तेथल्या मेस्त्रीच्या देखरेखीखाली, आपण आपल्या मुलाबरोबर काय करतो, याचे चित्रण त्यात आले तर ते साहित्य स्मरणापासून कर्माकडे वळेल. त्यासाठी प्रत्येकाने ट्रकच विकत घ्यावा असे नाही. घरातले बंद पडलेले घड्याळही चालेल. मुलाच्या हातात पाना देऊन त्याच्या शेजारी बसावे, आणि त्याचे चुकले तर थोडा वेळ गप्प राहावे, एवढे बापाला जमले म्हणजे लेखकाला लिहावयास पुष्कळ मिळेल.